मातीच्या भिंतीचे देऊळ
(जगद्गुरू श्री संत तुकाराम महाराज यांचे चरित्र)

देवळांचा जीर्णोद्धार ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रास नवी नाही. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी काशीपासून वेरूळपर्यंत केलेली देवळांची व घाटांची कामे सर्वश्रुतच आहेत. परंतु त्या राज्यकर्त्या होत्या व त्यांच्या हाती द्रव्य होते. त्यांच्याही आधी सुमारे दीडशे वर्षे, इंद्रायणीच्या काठी, एका दिवाळे निघालेल्या माणसाने आपल्या पूर्वजांचे पडके देऊळ स्वतःच्या हाताने माती कालवून उभे केले होते. त्याच्याजवळ पैसा नव्हता, गडी नव्हते आणि घरात दाणाही नव्हता. तो माणूस म्हणजे देहूचे तुकाराम बोल्होबा मोरे, ज्यांना आज अवघा महाराष्ट्र जगद्गुरू तुकोबाराय म्हणून ओळखतो. आपल्या गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण होत असताना त्यांच्या चरित्राचे स्मरण करणे उचित होईल.

तुकोबारायांचे अभंग आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गावोगावच्या भजनात ते रोज म्हटले जातात. म्हणून या ठिकाणी अभंग न देता, ते अभंग ज्या मातीतून, ज्या पाण्यातून आणि ज्या संकटातून उगवले त्याचीच हकीगत सांगावयाची आहे.

घराणे आणि गाव

श्रीक्षेत्र देहू हे गाव पुणे जिल्ह्यात हवेली तालुक्यात इंद्रायणीच्या काठी वसले आहे. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावते, देहू व आळंदी ही दोन्ही क्षेत्रे काठावर घेऊन पूर्वेस वाहते आणि तुळापूर येथे भीमेस मिळते. हीच भीमा पुढे पंढरपुरात चंद्रभागा म्हणून ओळखली जाते. म्हणजे देहूच्या घाटावरून वाहिलेले पाणी अखेर विठोबाच्याच पायाशी जाते. वारकऱ्यांची वाट आणि पाण्याची वाट एकाच दिशेची आहे.

मोरे घराण्याचे मूळ पुरुष विश्वंभरबुवा हे तुकोबांच्या आधी सुमारे आठ पिढ्या होऊन गेले. ते पंढरीचे निष्ठावंत वारकरी होते. पुढे वय झाल्यावर वारी होईना, तेव्हा देवच भक्तासाठी देहूस आला, अशी परंपरेची कथा आहे. दृष्टांताप्रमाणे सापडलेल्या विठ्ठल-रखुमाईच्या मूर्तींची विश्वंभरबुवांनी इंद्रायणीच्या काठी स्थापना केली व देऊळ बांधले. तेव्हापासून त्या घराण्यात वारी आणि देवाची सेवा अखंड चालत आली.

या घराण्यात शके १५३० मध्ये, म्हणजे इ. स. १६०८ च्या सुमारास, तुकोबांचा जन्म झाला. वडिलांचे नाव बोल्होबा व आईचे नाव कनकाई. थोरले बंधू सावजी आणि धाकटे कान्होबा. घराणे कुणबी, धंदा वाण्याचा. देहूच्या पेठेची महाजनकी घरात होती, जमीन होती, सावकारीही होती. एकूण पाहता खाऊनपिऊन सुखी असे हे घर होते.

थोरल्या सावजींचे मन प्रपंचात नव्हते. म्हणून वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी दुकानाची व घराची जबाबदारी तुकोबांवर आली. त्यांचे पहिले लग्न रखमाबाईंशी झाले. त्यांना दम्याचा विकार होता. म्हणून पुण्याच्या आप्पाजी गुळवे यांच्या कन्या जिजाबाई यांच्याशी दुसरे लग्न झाले. जिजाबाईंना घरात आवली म्हणत. काही वर्षे सर्व ठीक चालले. मग सतराव्या-अठराव्या वर्षापासून एकामागून एक आघात होऊ लागले. वडील गेले, आई गेली. थोरली वहिनी वारली आणि सावजी घर सोडून तीर्थाटनास निघून गेले. एवढा सगळा भार खांद्यावर असतानाच तो मोठा दुष्काळ आला.

शके पंधराशे बावन्नचा दुष्काळ

इ. स. १६३० ते १६३२ या काळातील दुष्काळ दख्खन व गुजरात या दोन्ही मुलखांवर पडला. आदल्या वर्षी पाऊस तुटपुंजा झाला होता आणि १६३० साली तर त्याने पुरती पाठ फिरवली. शहाजहान बादशहाच्या दरबारी इतिहासकारानेही या दुष्काळाचे भयंकर वर्णन करून ठेवले आहे. त्याच सुमारास सुरतेहून आग्र्यास गेलेल्या पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्रेते पाहिल्याची नोंद केली आहे. याच १६३० साली शिवनेरीवर शिवछत्रपतींचा जन्म झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे तो काळ डोळ्यांपुढे उभा राहतो.

आपला मुलूख आणि पाऊस यांचे नाते येथे थोडे समजून घेणे अगत्याचे आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीस अडतात आणि घाटमाथ्यावर धो धो बरसतात. तेथून पूर्वेस जावे तसा पाऊस झपाट्याने कमी होत जातो. आपल्या पायाखाली जो काळा पाषाण आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून उसळलेल्या लाव्ह्याचा बनला आहे. हा पाषाण वाळूसारखे पाणी पीत नाही. पाणी राहते ते त्याच्या सांध्यांत, भेगांत आणि वरच्या मुरमात. त्यामुळे एक पावसाळा गेला की विहिरींचा तळ दिसू लागतो, आणि लागोपाठ दुसरा गेला की माणसाच्या हाती काहीच उरत नाही. निसर्गाचा हा हिशेब तुकोबांच्या वेळी होता तसाच आजही आहे.

ज्या वडीलधाऱ्या मंडळींनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको. मिलोची तांबडी ज्वारी, खडी फोडण्याची कामे, सुकडीचे वाटप आणि चाऱ्यावाचून दावणीला मेलेली जनावरे अजून अनेकांच्या आठवणीत आहेत. त्या वेळी निदान सरकारी कामे होती व धान्याची जहाजे परदेशातून येत होती. तुकोबांच्या काळी ना पैसेवारी होती, ना रोजगार हमी, ना टँकर. शिवाय मुलखात लढाया चालू होत्या. मोगलांच्या फौजा दक्षिणेत उतरल्या होत्या. विजापूरकरांचा सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळून उद्ध्वस्त केले व तेथे गाढवांचा नांगर फिरविला, तोही याच सुमारास. पाऊस न पडणे हे निसर्गाच्या हाती होते. परंतु उरलेसुरले धान्य लुटले जाणे आणि वाटा बंद पडणे ही माणसांची करणी होती. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होते ते त्या पिढीने भोगले.

देहूच्या मोऱ्यांचे दुकान बसले. उधारी अडकली, बैल मेले, घरातील किडूकमिडूक गेले आणि शेवटी दिवाळे निघाले. पेठेत ज्या घराचा मान होता त्या घराकडे लोक पाठ फिरवू लागले. आणि त्यातच रखमाबाई अन्नावाचून गेल्या. त्यांचा लहानगा मुलगा संतू, तोही गेला. वाण्याच्या घरातील बाई आणि मूल दाण्यावाचून मरावे यापेक्षा मोठे दुःख कोणते असणार? तुकोबांचे वय त्या वेळी अवघे एकवीस-बावीस वर्षांचे होते.

डोंगर आणि नदी

अशा प्रसंगी माणसे देवाला दोष देतात, दैवाला दोष देतात, गाव सोडून जातात. तुकोबाही गावाबाहेर पडले, पण दूर देशी गेले नाहीत. ते गेले भामचंद्राच्या डोंगरावर. देहूच्या परिसरात भामचंद्र, भंडारा आणि घोराडेश्वर असे तीन डोंगर आहेत. तिन्ही काळ्या पाषाणाचे असून तिन्हींवर प्राचीन कोरीव लेणी आहेत. ज्या मातीने, ज्या आभाळाने त्यांचे सर्वस्व नेले, त्याच मातीच्या आणि आभाळाच्या सान्निध्यात हा तरुण जाऊन बसला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. रानातील पाखरे, झाडोरा, खडक आणि वारा यांच्याशी त्यांचे जे नाते जडले ते पुढे जन्मभर टिकले. झाडाझुडपांना आणि रानच्या जिवांना ते आपल्या गणगोतात धरू लागले.

इकडे धाकटे बंधू कान्होबा त्यांना रानोमाळ शोधत होते. अखेर डोंगरावर भावाची भेट झाली. दोघे बंधू इंद्रायणीच्या काठी आले. पुढे जे घडले ते महाराष्ट्राच्या इतिहासात फार थोड्यांनी केले असेल. वडिलार्जित सावकारीची खते घरात होती. कोणाकडे किती येणे आहे, गहाण काय आहे, व्याज किती झाले, हे सर्व त्या कागदांत होते. तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. एक वाटा कान्होबांना दिला, कारण त्यांच्या वाट्यावर आपला हक्क नाही हे ते जाणत होते. आपल्या वाट्याची खते मात्र त्यांनी इंद्रायणीच्या डोहात बुडविली.

या गोष्टीचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. कर्जाचा कागद म्हणजे काय, हे ज्याच्या घरी जप्तीची नोटीस आली आहे त्याला विचारावे. पाऊस पडला नाही म्हणून कुळाने पीक काढले नाही. यात कुळाचा गुन्हा काय? तरीही कागद बोलतच राहतो, व्याज चढतच राहते आणि दुष्काळ संपल्यावरही त्या घरातला दुष्काळ संपत नाही. देणेकऱ्यांची घरेही आपल्या घरासारखीच उजाड झाली आहेत, त्यांच्याही घरी कोणी रखमा, कोणी संतू गेला असेल, हे तुकोबांनी ओळखले. दुष्काळ आणणे किंवा थांबविणे त्यांच्या हाती नव्हते. पण दुष्काळाची बाकी माणसाकडून वसूल न करणे हे त्यांच्या हाती होते, आणि ते त्यांनी केले. स्वतःचे दिवाळे निघाले असताना केले, हे विशेष.

देवळाचे काम

यानंतर तुकोबांनी जे काम हाती घेतले ते आजच्या प्रसंगी आपल्या सर्वांना जवळचे वाटेल. विश्वंभरबुवांनी बांधलेले विठ्ठलाचे देऊळ पडझडीस आले होते. ज्या गावात पोटाला मिळत नव्हते तेथे देवळाच्या भिंतीकडे कोण पाहणार? तुकोबांनी ठरविले की देऊळ उभे करावयाचे. वर्गणी मागण्याची सोय नव्हती. मग त्यांनी स्वतः माती खणली, पाणी घालून चिखल तुडविला आणि भिंती रचल्या. संतचरित्रकार महिपती यांनी या कामाचे वर्णन मोठ्या प्रेमाने केले आहे.

आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. दुष्काळात काळीने दगा दिला, पीक दिले नाही. परंतु तुकोबांचा मातीवरचा विश्वास गेला नाही. काळी पिकत नाही तर पांढरीत देऊळ उभारू, असेच जणू त्यांनी मनाशी धरले. जी माती कोरडी पडून जीव घेते तीच माती पाण्याने भिजली की भिंत होते, चूल होते, घर होते आणि देवाचे देऊळही होते. चिखल तुडविणाऱ्याच्या पायांना हे कळते. पुस्तकातून ते कळत नाही.

आणखी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. तुकोबारायांच्या चरित्राचा क्रम पाहिला तर आधी दुष्काळ, मग देवळाचे काम, मग एकादशीचे कीर्तन व जागर, आणि त्यानंतर अभंगरचना, असा तो आहे. देऊळ बांधताना ते कवी नव्हते, संत म्हणून त्यांची ख्याती नव्हती. दुरुस्त झालेल्या त्याच देवळात ते प्रथम दुसऱ्यांच्या कीर्तनात मागे उभे राहून ध्रुपद धरीत. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, कबीर यांची वचने पाठ करीत. पुढे स्वप्नात नामदेवराय पांडुरंगासह आले व त्यांनी कवित्व करण्याची आज्ञा केली, अशी श्रद्धा आहे. माघ शुद्ध दशमीस त्यांना बाबाजी चैतन्य यांचा स्वप्नात गुरूपदेश झाला. तेथून जी अभंगगंगा सुरू झाली तिचे सुमारे साडेचार हजार अभंग आज गाथेत आहेत. पहिला चिखल, मग भिंत आणि मग अभंग, हा क्रम विसरता कामा नये.

पाखरांचा वाटा

तुकोबांच्या संसाराच्या गोष्टी घरोघरी सांगितल्या जातात. त्यांतील एक अशी. एका शेतकऱ्याने त्यांना शेत राखण्यासाठी माळ्यावर बसविले व हाती गोफण दिली. पाखरे कणसांवर येऊन बसली, पण तुकोबांच्या हातून गोफण सुटेना. दुष्काळात अन्नावाचून मेलेले जीव ज्याने पाहिले आहेत तो भुकेल्या पाखराला दगड कसा मारणार? पाखरांनी मनसोक्त खाल्ले. शेतकरी रागावला, प्रकरण पंचांपुढे गेले. पण खळे झाले तेव्हा धान्य नेहमीपेक्षा अधिकच भरले, असे महिपती सांगतात. भाविक याला चमत्कार म्हणतात. जुनी जाणती शेतकरी मंडळी मात्र असेही सांगतात की पाखरू दाण्याबरोबर अळीही खाते. त्याला समूळ हाकलले तर किडीचे फावते. ते काहीही असो, जमिनीच्या उत्पन्नात माणसाखेरीज इतरांचाही वाटा आहे, ही या कथेची शिकवण उघड आहे.

दुसरी गोष्ट उसाची. कोणी शेतकऱ्याने दिलेली उसाची मोळी घेऊन महाराज घरी निघाले. वाटेत मुलांनी हात पसरले आणि घरी येईपर्यंत एकच ऊस उरला. जिजाबाईंचा संताप अनावर झाला, त्यांनी तोच ऊस महाराजांच्या पाठीत मारला व त्याचे तुकडे झाले. ही गोष्ट सांगून आपण हसतो. परंतु जिजाबाईंची बाजू कोणी पाहावी? घरात लेकरे उपाशी, मोठी सवत भुकेने गेलेली आपल्या डोळ्यांनी पाहिलेली, आणि आलेला घास दाराबाहेरच वाटला गेलेला. त्यांचा राग हा चूल पेटती ठेवणाऱ्या बाईचा राग होता.

या माउलीने काय केले तेही पाहिले पाहिजे. महाराज भंडाऱ्याच्या डोंगरावर चिंतनात बसत. जिजाबाई भाकरी घेऊन उन्हातान्हात ती वाट चालत जात व डोंगर चढत. एकदा पायात काटा रुतला तेव्हा तो साक्षात विठ्ठलाने काढला, अशी कथा भाविक सांगतात. आपल्या नावावर पैसे उसने काढून त्यांनी नवऱ्याला पुन्हा व्यापारास पाठविले, तर महाराजांनी मिठाच्या व्यापारात मिळालेले मुद्दलासकट सर्व द्रव्य एका कर्जात अडकलेल्या ब्राह्मणाला सोडविण्यासाठी देऊन टाकले. जगाच्या दृष्टीने हा तोटाच. पण ज्याने खते बुडविली त्याच्याकडून दुसरे काय होणार? काशी, भागीरथी व गंगा या मुली आणि महादेव, विठोबा व नारायण हे मुलगे, एवढा संसार जिजाबाईंनी या परिस्थितीत ओढला. देहूच्या थोरवीत त्यांचा वाटा लहान नाही.

पुन्हा इंद्रायणी

तुकोबांच्या कीर्तनाची कीर्ती पसरली तसा विरोधही सुरू झाला. शूद्राने वेदार्थ सांगावा हे काही मंडळींना रुचले नाही. वाघोलीचे विद्वान रामेश्वरभट्ट यांनी अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवावयास सांगितले. एकदा याच नदीत तुकोबांनी आपण होऊन खते बुडविली होती. आता त्यांना आपल्या अंतःकरणाच्या वह्या बुडवाव्या लागल्या. ते नदीकाठच्या शिळेवर अन्नपाणी वर्ज्य करून तेरा दिवस बसून राहिले. तेराव्या दिवशी वह्या पाण्यावर कोरड्या तरल्या, ही कथा लहान मुलासही ठाऊक आहे. कर्जाची खते नदीने ठेवून घेतली आणि अभंगाच्या वह्या परत दिल्या. नदीने काय ठेवावे व काय परत द्यावे याचा असा निवाडा लोकांच्या मनात कायम झाला आहे. पुढे स्वतः रामेश्वरभट्ट महाराजांचे शिष्य झाले. सुदुंबऱ्याचे संताजी जगनाडे यांनी अभंग लिहून जतन केले, आणि शिऊरच्या बहिणाबाईंनी त्यांना गुरू मानले. ती शिळा देहूस अद्याप आहे व तिचे मंदिर २०२२ साली नव्याने उभारले गेले.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस, म्हणजे इ. स. १६५० च्या मार्च महिन्यात, महाराज सदेह वैकुंठास गेले अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. तोच तुकाराम बीजेचा दिवस. त्या स्थानी नांदुरकीचे झाड आहे. बीजेच्या दिवशी भर दुपारी ते झाड हलते असे मानतात आणि लाखो वारकरी त्या क्षणी झाडाकडे डोळे लावून उभे असतात. महाराजांच्या निर्वाणाची खूण वारकऱ्यांनी एका जिवंत झाडाशी जोडली, याचे फार समाधान वाटते. महाराजांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी इ. स. १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. ज्येष्ठात देहूहून पालखी निघते तेव्हा मृगाच्या पावसाचे दिवस असतात. पेरणी उरकावी, रान देवाच्या हवाली करावे आणि पंढरीची वाट धरावी, ही शेतकऱ्याची रीत आहे. पाऊस पडेल की नाही हे त्याला ठाऊक नसते. तरीही तो पेरतो आणि चालू लागतो.

आपले देऊळ

आता आपल्याकडे वळू. आपल्या मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी गावातील कष्टकऱ्यांनी रोजगार बुडवून श्रमदान केले, माहेरवाशिणींनी मदत पाठविली, नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यास असलेल्या मंडळींनी सढळ हाताने देणग्या दिल्या. कोणाची देणगी मोठी, कोणाची लहान, पण तुकोबांच्या देवळाच्या दृष्टीने पाहिले तर एक घमेले माती वाहणाऱ्याची पावतीही पहिल्या पानावरच यावयास हवी.

परंतु देऊळ बांधून झाले म्हणजे काम संपले असे समजू नये. ज्या इंद्रायणीने गाथा तारली तिच्या पात्रावर अलीकडच्या वर्षांत आळंदीजवळ पांढरा फेस तरंगताना अवघ्या महाराष्ट्राने पाहिला आहे. तो फेस कारखान्यांच्या व शहरांच्या सांडपाण्याचा आहे. नदीने तुकोबांची वही परत दिली, आणि आपण तिला काय परत दिले, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. हा प्रश्न केवळ इंद्रायणीकाठच्या लोकांचा नाही. प्रत्येक गावाचा ओढा, प्रत्येक गावाची जुनी विहीर, देवळापुढचा पार आणि त्यावरचा वड-पिंपळ यांचा तो आहे. विहीर गाळाने भरू द्यावी, ओढ्यात कचरा टाकावा, पारावरचे झाड तोडावे आणि वर कळस मात्र चकचकीत ठेवावा, यात देव राजी होईल असे वाटत नाही. पाणी नसेल तर देवाच्या स्नानाला तांब्याभर पाणी कोठून आणणार?

दुष्काळ पुन्हा येणार आहे. तो १६३० मध्ये आला, १९७२ मध्ये आला, पुढेही येईल. आभाळ आपल्या हाती नाही. पण पडलेले पाणी अडविणे, गाळ काढणे, झाड जगविणे, पाखराला त्याचा वाटा देणे आणि अडलेल्या शेजाऱ्याकडून दुष्काळाची बाकी वसूल न करणे, एवढे निश्चित आपल्या हाती आहे. तुकोबारायांनी ते ऐन दुष्काळात करून दाखविले. त्यांच्यापुढे आपण सुकाळातली माणसे आहोत.

देवळाच्या कामातून उरलेली फावडी आणि घमेली अजून सभामंडपामागे ठेवलेली असतील. ती कोठीत न टाकता येत्या उन्हाळ्यात गावच्या विहिरीचा गाळ काढण्यासाठी बाहेर यावीत, आणि मृगाचे पहिले पाणी त्या विहिरीत उतरलेले पाहण्याचे भाग्य सर्व ग्रामस्थांस व देणगीदारांस लाभावे, हीच श्री विठ्ठलचरणी नम्र प्रार्थना.

॥ पुंडलिक वरदे हरि विठ्ठल ॥